संशयाचा फायदा

"तसं नाय, बाय."

एवढं म्हणून ते उजव्या हाताचं एक बोट वर करायचे. समोर कोणीही असो, त्याचं वाक्य अर्ध्यावर थांबायचं. मग ते खरं कसं ते सांगायचे, आणि आपण कागदावर सुधारेपर्यंत ते बोट काही खाली यायचं नाही.

मी तेव्हा बेलापूरला एका वकिलांकडे ज्युनियर होते. आमच्या सरांकडे कराची आणि कस्टमची अपिलं यायची. हे पहिल्या दिवशी वर आले तेच अर्धा तास उशिरा, कारण खाली गेटवर त्यांचं वाजलं होतं. वॉचमनने रजिस्टरात 'बोटवाला' लिहिलं होतं. "बोट जेची हाय तो बोटवाला. मी तांडेल," हे म्हणाले. बोट चालवणारा, बोटीवरच्या सगळ्यांचा प्रमुख, तो तांडेल. वॉचमन बिहारचा, त्याला तो शब्द लिहिता येईना. शेवटी यांनीच त्याच्या हातातलं पेन घेतलं, आधीचा शब्द खोडला आणि ठसठशीत अक्षरात 'तांडेल' लिहून मगच वर आले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. बँकेत, रेशनच्या दुकानात, तलाठ्याच्या ऑफिसात. त्यांच्या मागे रांगेत उभं राहिलं की आपण चरफडतो. मीही चरफडायचे. त्याची आता लाज वाटते. पण लाजेपेक्षा राग मोठा आहे, आणि हे लिहितानाही तो उतरलेला नाही.

ते उलव्याच्या पलीकडच्या, खाडीकाठच्या एका गावचे. साठीला टेकलेले. चाळीस वर्षं पाण्यावर काढली होती. शेवटची नऊ वर्षं ते एकाच बार्जवर तांडेल होते. बार्ज म्हणजे सपाट बुडाची लोखंडी बोट. बंदराबाहेर उभ्या असलेल्या मोठ्या जहाजांना पाणी, तेल, सामान पोचवणारी. मालक त्यांच्याच गावचा. गावच्या जमिनी सरकारने घेतल्यावर तो बिल्डर झाला होता, आणि भाड्याने लावायला म्हणून ही बार्ज घेतली होती. मालकाचा बाप आणि हे एकाच होडीवर वाढलेले, त्यामुळे मालक यांना काका म्हणायचा. आमच्या ऑफिसातसुद्धा आधी त्यांना खुर्ची द्यायचा आणि मग स्वतः बसायचा. मला ते बघून बरं वाटायचं.

झालं होतं ते असं. एका दुपारी ही बार्ज एका परदेशी जहाजाकडून डिझेल भरून परत येत होती. वाटेत कस्टमच्या लोकांनी अडवली. त्या डिझेलचा कर भरलेला नव्हता, आणि कागद म्हणून जे असायला हवे होते ते नव्हतेच. बार्ज जप्त झाली. तांडेलांना ऑफिसात नेलं, दोन दिवस बसवून ठेवलं, आणि शेवटी इंग्रजीत टाइप केलेल्या सहा पानांवर सह्या घेतल्या. प्रत्येक पानाखाली यांची मराठीतली सही. काही महिन्यांनी निकाल आला. बार्ज सरकारजमा, मालकाला दंड आणि तांडेलांना वेगळा दंड.

त्यावर मुंबईच्या न्यायाधिकरणात अपील करायचं होतं. एक अपील मालकाचं, एक तांडेलांचं. दोन्ही वकीलपत्रं आमच्या सरांनी घेतली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

मसुदा तयार करायला मी त्यांना रोज बोलवायचे. मी लिहिलं, 'दुपारी सुमारे चार वाजता बोट अडवण्यात आली.' बोट वर.

"तसं नाय. भरतीला अर्धा तास व्हता."

"काका, कोर्टाला घड्याळ कळतं, भरती नाही कळत."

"मंग कोर्टाला सांग कॅलेंडर बघ."

मी वैतागून त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक काढलं. त्यावरून वेळ निघाली तीन वाजून दहा मिनिटं. कस्टमच्या पंचनाम्यात चार लिहिलं होतं. मी बार्जवरच्या जीपीएसची नोंद मागवून पाहिली, तिथेही तीन-दहाच. त्यानंतर मी त्यांच्याशी वेळेवरून हुज्जत घातली नाही.

कस्टमने सह्या घेतलेला तो सहा पानी जबाब त्यांना मराठीत वाचून दाखवला तो दिवस मला लख्ख आठवतो. पहिलं पान संपलं, दुसरं संपलं, ते ऐकत होते. तिसऱ्या पानावर होतं : हा माल चोरटा आहे हे मला माहीत होतं आणि मी जास्तीच्या कमाईसाठी तो आणला. त्यांचं बोट वरसुद्धा झालं नाही. ते उठून खिडकीशी गेले आणि पाठमोरे उभे राहिले.

"ह्ये मी बोललू?"

"असं लिहिलंय, काका."

"मी त्यांना सांगितलं, इंजिन कवा चालू केलं, नळी कोनी जोडली, पानी किती व्हतं. दोन दिवस तंच सांगत व्हतो. ह्ये कुठनं आलं?"

सहाव्या पानाच्या तळाशी छापील ओळ होती, की हा जबाब मला मराठीत समजावून सांगितला आहे आणि तो माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे. ती वाचल्यावर त्यांनी फक्त एक प्रश्न विचारला. "कोनी समजावला, त्याचं नाव हाय का तिथं?" मी पाहिलं. नाव नव्हतं.

आता कायदा थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. चोरटा माल नेणारी बोट सरकारजमा होते. पण मालकाला आणि बोटीवरच्या प्रमुखाला, दोघांनाही काही ठाऊक नव्हतं असं मालकाने दाखवून दिलं, तर बोट सुटते. म्हणजे तांडेलांचा तो जबाब खोटा ठरला तरच बोट पूर्ण मोकळी. आणि तो खरा धरला, तर मालकाकडे एकच वाट राहते : सगळं नोकरावर ढकलायचं, स्वतःचा दंड माफ करून घ्यायचा आणि बोट थोडक्या दंडावर सोडवून आणायची.

जप्तीच्या कागदांच्या झेरॉक्स आल्या तेव्हा त्यात बोटीच्या लॉगबुकाचीही पानं होती. रोजची नोंद तांडेल स्वतः मराठीत लिहायचे. कस्टमने ती वही जप्त केली होती, पण कोणी वाचलेली दिसत नव्हती. जबाब हातात असताना वही कोण वाचतो? त्या दिवसाच्या पानावर वारा, पाणी, इंजिनातलं तेल, आणि त्याखाली लिहिलं होतं : 'तेल भरताना कागद मागितला. जहाजवाले बोलले मालकाकडे आहे. मालकाला फोन केला. मालक बोलले कागद माझ्याकडे आहेत, भरून घ्या.'

मी ते पान घेऊन धावत सरांच्या केबिनमध्ये गेले. सरांनी चष्मा वर करून वाचलं आणि पान माझ्याकडे परत सरकवलं.

"हे आपल्याला नको."

"पण सर, काकांनी कागद मागितला होता हे यात..."

"आणि मालकाने काय उत्तर दिलं तेही यात आहे. आपली फी कोण देतोय?"

मी तांडेलांना विचारलं, फोनचं तुम्ही कधी बोलला नाहीत? ते म्हणाले, मालकाने हात जोडले होते. काका, फोनचं कुठं बोलू नका, बोट जाईल. बोटीवर सहा खलाशी होते. सहाही जण ओळखीच्या घरांतले. "मना ठाव नव्हतं यवरं खरं हाय. तंच सांगायचं. फोनचं कनाला बोलायचं?"

मी ते पान फाइलच्या मागच्या खिशात ठेवलं. फाडलं नाही, आणि लावलंही नाही. यात मी चांगली ठरत नाही, मला माहीत आहे.

सुनावणीच्या दोन दिवस आधी सरांनी मला मालकाचा लेखी युक्तिवाद डिक्टेट केला. त्यात चौथ्या परिच्छेदात वाक्य होतं, की जे झालं ते तांडेलने मालकाच्या पाठीमागे, मालकाला अंधारात ठेवून केलं. मी टाइप करता करता थांबले. सर म्हणाले, "जबाब पुसला जाणार नाही. दोघं बुडण्यापेक्षा एक वाचलेला बरा. म्हातारा माणूस, त्याच्याकडून कोण दंड वसूल करतंय?" आणि मी ते वाक्य टाइप केलं. याच हातांनी.

न्यायाधिकरणात आधी मालकाचं अपील निघालं. सर इंग्रजीत बोलत होते. तांडेल मागच्या बाकाशी उभे होते. जेवणाची सुट्टी झाली तसे ते पॅसेजमध्ये माझ्यासमोर आले.

"माजं नाव तीन येला घेतलं साह्यबांनी. काय बोलले?"

"काका, ते कायद्याच्या भाषेत..."

"तसं नाय. काय बोलले तं सांग."

मी सांगितलं. शब्द न बदलता सांगितलं.

पॅसेजच्या टोकाला मालक फोनवर हसत बोलत होता. त्यांनी एकदा तिकडे पाहिलं. ओरडले नाहीत, धावून गेले नाहीत. नुसता चेहरा काळवंडला. "आनि माजा वकील कोन?"

"सरच."

"त्योच?"

"तेच."

मी फाइलच्या मागच्या खिशातून ते पान काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. त्या क्षणी माझी नोकरी गेली हे मला कळलं होतं. मला तेव्हा काहीच वाटलं नाही, फक्त हे आधी का केलं नाही याचाच संताप आला.

सुट्टीनंतर त्यांच्या अपिलाचा पुकारा झाला. सर उठले. मागून आवाज आला, "ह्ये माजे वकील नाय. माजं मी बोलतो."

सर वळून कुजबुजले, "काका, बसा. मी आहे ना."

"तुमी त्यांचे."

समोर दोन सदस्य बसले होते. एक दक्षिणेकडचे गृहस्थ, आणि एक मराठी बाई. बाईंनी पेन खाली ठेवलं. "बोला. मराठीत बोललात तरी चालेल."

ते पुढे आले. पाय फाकवून उभे राहिले, बोटीवर उभं राहतात तसे. "या सहा पानांवं सही माजी हाय. सही नाय असं मी बोलनार नाय. पन बोलनं माजं नाय. यात लिवलंय, मना मराठीत समजावलं. समजावनाऱ्याचं नाव दाखवा."

बाईंनी सहा पानं उलटली. पुन्हा उलटली. मग कस्टम खात्याच्या वकिलाकडे पाहिलं. त्याने आपली फाइल उलटली. नाव त्याच्याकडेही नव्हतं.

मग तांडेलांनी वहीचं पान पुढे केलं. खात्याचा वकील म्हणाला, हे आमच्या रेकॉर्डवर नाही. बाई म्हणाल्या, वही तुमच्याच जप्तीच्या यादीत आहे, मूळ वही आणा. पुढची तारीख पडली.

त्या तारखेला वही आली. दमटपणाने फुगलेली, सुतळीने बांधलेली. बाईंनी ती त्यांनाच वाचायला दिली. त्यांनी वारा वाचला, पाणी वाचलं, इंजिनातलं तेल वाचलं. फोनच्या ओळीशी आल्यावर थांबले. मालक शेजारच्या बाकावर बसला होता. ते त्याच्याकडे बघून म्हणाले, "तुज्या बापानं असं केलं नसतं," आणि मग ती ओळ वाचली.

त्यांना काय किंमत पडली ते मला नंतर कळलं. बोट सरकारजमाच राहिली. दंड भरून सोडवायची मुभा मालकाला मिळाली होती, पण त्याने ती वापरली नाही. बोट जुनी झाली होती, त्याने दुसरी घेतली. ही लिलावात गेली आणि भंगारात तोडली गेली. गावात मात्र बोलणं असं, की तांडेलानं गावाची बोट घालवली. सहा खलाशांपैकी चार नव्या बोटीवर लागले आणि यांना ओळख दाखवेनासे झाले. पुढच्या वर्षभरात गावात लग्नं झाली, हळदी झाल्या, मांडवातला बाजा यांच्या ओट्यापर्यंत ऐकू यायचा. बोलावणं आलं नाही. कुठल्याच बार्जमालकाने त्यांना कामावर घेतलं नाही. चाळीस वर्षं इंजिनं ओळखणारा माणूस उलव्याच्या एका सोसायटीत पाण्याचे पंप चालू-बंद करायच्या नोकरीला लागला.

मी तोवर सीवूड्सला एका मैत्रिणीच्या ऑफिसात टेबल टाकलं होतं. निकालाची प्रत घेऊन ते तिथे आले.

"काका, जिंकलात! तुमचा दंड रद्द."

"वाच."

"शेवटचं वाचते, तेच महत्त्वाचं..."

"पयल्यापासनं वाच."

मी एकवीस पानं मराठीत सांगत गेले. पाऊण तास लागला. अठराव्या पानावर होतं, की वहीतली नोंद पाहता तांडेल यांना माहिती होती की नव्हती याविषयी शंका उरते, सबब त्यांना संशयाचा फायदा देऊन दंड रद्द करण्यात येतो.

"संशयाचा फायदा म्हंजे काय?"

"म्हणजे... तुम्हाला माहीत होतं की नव्हतं हे पक्कं सांगता येत नाही. म्हणून तुम्हाला सोडलं."

"म्हंजे संशय हाय."

मी पुढचं पान उलटलं.

"आजून हाय?"

"काका, कायद्यात असं लिहायची पद्धत असते. तुम्ही सुटलात ना!"

तेव्हा मी त्यांना पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडताना ऐकलं. "सुटायचं कोनाला व्हतं? मना ठाव नव्हतं! बोललू ना मी! वही दाखवली ना! बोट घालवली, गाव घालवलं, आनि ह्यांना आजून संशय?" शेजारच्या दाताच्या डॉक्टरांनी दार उघडून पाहिलं. त्यांच्या खुर्चीतला पेशंट तोंड उघडं ठेवून तसाच बसलेला दिसत होता. मला हसू आलं, आणि त्याच क्षणी रडूही.

ते शांत झाले. पाणी प्यायले. मग म्हणाले, "यावर अपील कर."

जिंकलेला माणूस अपील करत नाही, हे मी त्यांना तीन प्रकारे समजावलं. ते एकच वाक्य म्हणत राहिले. "चूक लिवली तं सुदारायला नको?" शेवटी मी निकालातली चूक दुरुस्त करण्याचा अर्ज केला. मागणी एकच : 'संशयाचा फायदा देऊन' हे शब्द वगळावेत. माझ्या ओळखीचे वकील मला विचारायचे, तुझ्या त्या म्हाताऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे ना? त्यांना मी काय उत्तरं दिली ती इथे लिहिण्यासारखी नाहीत.

पहिल्या तारखेला खंडपीठ बसलं नाही. दुसऱ्या तारखेला फाइल सापडली नाही. तिसऱ्या तारखेला खात्याने वेळ मागून घेतला. चौथ्यालाही. तांडेल प्रत्येक वेळी सुट्टी टाकून यायचे, गुळगुळीत दाढी आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट. पुकारा होईपर्यंत पॅसेजमध्ये उभे राहायचे. पुढची तारीख मिळाली की मला म्हणायचे, "बरं. तवा येऊ." चिडायचे मी. एकदा रजिस्ट्रीच्या खिडकीवर मी इतकी भांडले की त्यांनीच मला बाजूला घेतलं.

पाचव्या तारखेच्या आधी, एका दुपारी, पंपाच्या खोलीत ते खाली बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टर यायच्या आत सगळं संपलं होतं.

मला त्यांच्याच मोबाइलवरून फोन आला. मी सवयीने म्हणाले, "बोला काका." पलीकडे त्यांची बायको होती. मी त्यांना तोवर पाहिलंही नव्हतं.

"बाय, ते गेले." मग, "तारीख कवा हाय?"

वारस म्हणून त्यांच्या बायकोचं नाव लावायला मी अर्ज दिला. खात्याने हरकत घेतली, की दंड रद्दच आहे, आता चालवायला उरलंय काय? त्या वाक्यावर मी काही फेकून मारलं नाही एवढंच माझं शहाणपण.

तारखेला त्या आल्या. काष्ट्याचं हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीत निकालाची प्रत. खंडपीठ बदललेलं होतं. नव्या सदस्यांनी कागद चाळले आणि सौम्यपणेच मला विचारलं, "मॅडम, भरायचं काही नाही. मिळायचंही काही नाही. यांना नेमकं हवंय काय?"

मी उत्तर द्यायच्या आत त्या उभ्या राहिल्या. "माज्या घरवाल्याला ठाव नव्हतं. यवरंच लिवा."

सदस्यांनी अठरावं पान काढलं. वहीची नोंद वाचून घेतली. दुसऱ्या सदस्यांशी दोन वाक्यं बोलले. खात्याच्या वकिलाला विचारलं, जबाब कोणी समजावला त्याचं नाव अजूनही नाही ना? तो म्हणाला, नाही. मग त्यांनी स्टेनोला सांगितलं, की त्या पानावरचे ते शब्द वगळावेत, आणि त्यांच्या जागी, अपिलकर्त्याला मालाच्या स्वरूपाची माहिती नव्हती, असं वाचावं. पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. चार मिनिटं लागली.

बाहेर पॅसेजमध्ये आल्यावर त्यांनी मला विचारलं, "झालं?"

"झालं, मावशी. खोडलं. तुम्ही म्हणालात तसंच लिहिलं."

त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बंद झालेल्या दाराकडे पाहिलं.

"यवरंच व्हतं," त्या म्हणाल्या, "तं ते उबे व्हते तवा का नाय केलं?"